मदत हवी आहे: खणाचं पोलकं, खालून गुंता, वरून गळा खांद्यावरून उतरतोय

उसवलेला_टाका:

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी पुरुष आहे, वय ३८, शिवणकामाचं शिक्षण शून्य, तेव्हा "बायकोला विचारा" असं लिहिणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं. बायकोला विचारलंय, तिला बटणही लावता येत नाही आणि तिला त्याची अजिबात खंत नाहीये.

तर झालं असं की लेक (वय ६, पहिलीत) हिच्या शाळेत नवरात्रात भोंडला आहे आणि परकर पोलकं घालून यायचंय. तयार मिळतात हो तुळशीबागेत, माहितीये. पण आई गेल्यापासून तिचं काळं पायमशीन गॅलरीत चादर पांघरून बसलंय, म्हटलं या निमित्ताने सुरू तरी करू. परकर आईच्या जुन्या इरकलीचा केला, सरळच टिपा असतात त्यामुळे तो जमला, म्हणजे नेफ्यातून नाडी ओवताना सेफ्टी पिन आतच उघडली वगैरे प्रकार झाले पण जमला. त्या जोरावर लक्ष्मी रोडवरून लाल खण आणला आणि पोलक्याला हात घातला. आता रडतोय. तीन प्रॉब्लेम आहेत.

पहिला मशीनचा. वरून टीप एकदम सुंदर दिसते, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं घरटं. खाली गुंता म्हणजे खालच्या बॉबिनचा दोष असं समजून मी बॉबिन केसचा तो बारका स्क्रू पिळत बसलो, कधी घट्ट कधी सैल, आणि परवा तो पूर्ण निघून फरशीवर पडला. मोबाईलचा टॉर्च लावून पाऊण तास शोधला, सापडलेला नाही.

दुसरा गळा. आईची वही आहे, तीत सोसायटीतल्या अर्ध्या पोरांची मापं आहेत. सहा वर्षांच्या मुलीसाठी "गळा २॥" लिहिलंय. मला वाटलं अडीच इंचात डोकं कसं जाईल, म्हणून मी मनाने चार घेतला. खण दुहेरी घडी घालून कापला आणि उलगडला तर गळा आठ इंच! लेकीचा खांदा सगळा मिळून साडेदहा. पोलकं घातलं की एकीकडून उतरतंच.

तिसरा प्रॉब्लेम मला कळतच नाहीये. वहीत मुंढा (बाही जोडायची खाच) ५॥ आहे, पोरीला भोंडल्यात हात वर करून नाचायचंय, हात मोकळा राहावा म्हणून मी मुंढा मुद्दाम सात इंच खोल घेतला. आणि आता तिने हात वर केला की अख्खं पोलकं पोटाच्या वर जातं. जास्त जागा दिली तर जास्त मोकळं व्हायला हवं ना?

खण पाव मीटर उरलाय, बाह्या लावून झाल्यात, अस्तर लावलंय. घटस्थापनेला दोन आठवडे आहेत. गल्लीतल्या टेलरकडे गेलो होतो, त्याने पोलकं हातात घेतलं, आतून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही.

कन्याराशी_पुणे:

पहिल्या धाग्यालाच खण? कापडातला सगळ्यात वाह्यात प्रकार आहे तो, कात्री लागली की कडा झरायला लागतात. आणि पितृपक्षात नवीन कापड बेतलंत होय, मग असंच होणार 😄

उसवलेला_टाका:

बेतलं आधीच होतं. पितृपक्षात फक्त उसवतोय.

तेलपाणी:

मशीनचं मी सांगतो, पंधरा वर्षं हेच करतो. दादा, खाली गुंता असेल तर दोष वरच्या दोऱ्याचा असतो. हे सगळ्यांना उलटं वाटतं आणि सगळे बॉबिन केसच्या मागे लागतात. वरच्या दोऱ्याला ताण नसला की टाका पडताना तो ओढला जात नाही, सगळा ढील खाली साठतो, त्याचंच घरटं होतं. उलट वरच्या बाजूला फासे दिसले तर मग खालचा बघायचा.

आता मला एक सांगा, दोरा ओवता तेव्हा दाबाचा पाय, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो तो, वर असतो का खाली?

उसवलेला_टाका:

खाली. पाय खाली असला की सुईजवळ नीट दिसतं म्हणून.

तेलपाणी:

सापडलं. पाय खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या एकमेकीला घट्ट चिकटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामधे जातच नाही, नुसता वरून तरंगतो. मग तुम्ही टेन्शनचा नट कितीही पिळा, काही फरक पडत नाही. पाय वर करून ओवा, मग पाय खाली करून दोरा ओढून बघा, हाताला ओढ लागली पाहिजे. आणि तो वर-खाली होणारा दांडा आहे त्याच्या भोकातून दोरा गेलाय ना ते बघा, तो सुटला तरी हेच होतं.

बॉबिन केस नवीन घ्या, स्क्रू शोधत बसू नका. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल, पण जुनी केस आणि जुनी बॉबिन दोन्ही दाखवायला न्या, दिसायला सारखी असून बारीक फरकाची येते आणि मग परत गुंता. नवीन केसचा ताण बघायला बॉबिन आत घालून दोऱ्याला धरून लटकवा, आपोआप सुळकन खाली आली तर सैल, हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरली तर बरोबर.

अजून एक, मशीन किती वर्षं बंद होतं? तेल कुठलं घातलं?

उसवलेला_टाका:

दोन वर्षं बंद. तेल... खोबरेल घातलं. घरात तेच होतं.

तेलपाणी:

😐

थंडीत ते आत थिजेल आणि पुढे त्याचा चिकटा होईल. आधी रॉकेल मिळालं तर ते सगळ्या भोकांतून सोडा, नाहीतर मशीन साफ करायचं लिक्विड मिळतं तेही आळीतच, दहा मिनिटं रिकामं मशीन चालवा, फडक्याने टिपा, मग मशीनचं तेल एकेक थेंब. शटलच्या जागी आणि दाताखाली कापडाचा भुगा साठलेला असणार, तो जुन्या टूथब्रशने काढा. हे झाल्यावर चिंध्यांवर भरपूर टीप मारा, नाहीतर तेलाचा पहिला डाग खणावर. सुई कितीची आहे?

उसवलेला_टाका:

१६. आईच्या वेळचीच आहे.

तेलपाणी:

मग ती आता सुई नाही, दाभण आहे. खण आणि खाली अस्तर असेल तर १४ घाला. १६ जाड कापडाला ठीक, खणात ती मोठी भोकं पाडते आणि उसवल्यावर ती दिसतात. सुरुवात करताना दोन्ही दोरे मागे बोटाने धरून ठेवा पहिले चार टाके, आणि चाक स्वतःकडेच फिरलं पाहिजे, पायमशीनवर नवीन माणसाचं चाक हमखास उलटं फिरतं.

सांगलीची_आत्या:

दोन दिवसांनी धागा बघतेय. मशीनचं वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी कापडाचं सांगते, फोनवर टाईप करतेय चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या आईंच्या वहीत सगळं बरोबर आहे बाळा. २॥ म्हणजे अडीच, ते घडीवरचं माप असतं, निम्म्याचं. घडी उलगडली की पाच. आम्ही क्लासमधे सगळी मापं अशीच लिहायचो, छातीसुद्धा पाव भाग लिहायचा आणि वर माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, किती ते वेगळं. वहीत आकड्याच्या पुढे "मा" असं काही लिहिलंय का बघा, ती माया.

मुंढ्याचं तुम्ही म्हणता तसं सगळ्यांनाच वाटतं. पण हे बघा, मुंढा खोल केला की बाही अंगाला कुठे येऊन जोडते? बगलेत नाही, खाली बरगडीपाशी. मग हात वर गेला की तो बरगडीपाशी पकडलेला भाग पण वर ओढला जाणार. मुंढा बगलेच्या जवळ असला की नुसता हात हलतो, कपडा जागेवर राहतो. घट्ट मुंढा काचतो आणि खोल मुंढा उचलतो. तयार कुडत्यांना मुंढे खोल का असतात तर एकच माप दहा अंगांना चालवायचं असतं म्हणून.

आता कापलेलं तर परत येत नाही. यावर जुना उपाय आहे. नेहरूशर्टाच्या बगलेत बघा, एक पतंगासारखा चौकोन बसवलेला असतो. तसा बसवा. उरलेल्या खणातून माया धरून साडेतीन-साडेतीन इंचाचे दोन चौकोन काढा, बगलेत जिथे बाहीची टीप आणि कुशीची (अंगाच्या बाजूची) टीप भेटतात तिथे दोन्हीकडे साधारण अडीच अडीच इंच उसवा आणि त्या फटीत चौकोन बसवा, एक कोपरा बाहीकडे एक कमरेकडे. आधी कच्चा धावदोरा घाला हाताने. मशीनवर एकदम जाऊ नका, कोपऱ्यात चुण्या येतात, मला अजून येतात.

गळ्याचं जास्त सोपं आहे. इरकलीचा काठ उरलाय का? किती रुंद आहे?

उसवलेला_टाका:

आत्या, वहीत खरंच "मा १" असं लिहिलंय सगळीकडे. मी ते आईच्या सहीसारखं काहीतरी समजत होतो.

काठ आहे, दीड-दोन मीटर तरी असेल. रुंदी अडीच इंच.

सांगलीची_आत्या:

मग काम झालं. गोल गळ्याला काठ फिरवायचा प्रयत्न करू नका, काठ उभ्या धाग्यात असतो, तो वळत नाही, पिळतो. गोलाईला तिरकी पट्टीच लागते. तुम्ही चौकोनी गळा करा. काठाची पट्टी खांद्यावरून पुढून मागे सरळ, दोन्ही बाजूंना, आणि पुढे-मागे आडवी. बाहेरची कड जुन्या गळ्यावर अर्धा इंच चढवायची, आतली अर्धा इंच दुमडायची, म्हणजे दीड इंच पट्टी गळ्याच्या आत येईल. आठातून दोन्हीकडचे दीड दीड गेले की राहिले पाच.

कोपऱ्यात पट्टी तिरकी दुमडून फोटोफ्रेमच्या कोपऱ्यासारखी जोडा. पट्टीच्या खाली अस्तर लावा नाहीतर मानेला टोचेल. आणि हे करायच्या आधी आत्ताच्या गळ्याच्या कडेने एक साधी टीप मारून घ्या, गोलाई तिरक्या धाग्यात असते, हाताळून हाताळून अजून पसरेल.

एडिसनकर:

मी न्यू जर्सीत आहे, इथे पँटची लांबी कमी करायला इतके पैसे घेतात की तेवढ्यात दुसरी पँट येते, त्यामुळे नाईलाजाने शिकले. खण उसवताना एक सांगते, ते दोन टोकांचं उसवायचं हत्यार सरसर चालवू नका, कापडच फाटतं. दर तीन-चार टाक्यांनी एक टाका कापायचा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढायचा, आख्खा निघून येतो. भोकं दिसली तर उलट बाजूने वाफ देऊन नखाने दोन्ही धाग्यांच्या दिशेने हलकं घासायचं, बरीचशी बुजतात.

आणि अस्तर भिजवून घेतलं होतं ना?

उसवलेला_टाका:

भिजवायचं असतं??

एडिसनकर:

कॉटनचं असेल तर हो, बेतायच्या आधी रात्रभर पाण्यात आणि मग इस्त्री. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचा खण आटत नाही आणि पोलकं फुग्यासारखं होतं. आता लावलंच आहे तर धुवूच नका, भोंडल्याला घालून उन्हात... नको, उन्हात रंग उडेल, सावलीत वाळवा आणि ठेवून द्या. तसाही लाल खण पाण्यात रंग सोडतो, एक चिंधी ओली करून पांढऱ्या रुमालावर घासून बघा. आणि टेलर सगळे पुरुष, पण घरात पुरुष मशीनवर बसला की शेजारी बघायला येतात का हो अजून?

उसवलेला_टाका:

दोनदा आले. एकदा साखर मागायला.

कन्याराशी_पुणे:

मला एक कळत नाही, तीनशे-चारशेत तयार मिळतं ते आणायचं सोडून एवढं सगळं? रॉकेल, सुया, बॉबिन केस, खण, काठ. हिशोब केलात का?

उसवलेला_टाका:

केला नाही, करणारही नाही.

(दहा दिवसांनी)

अपडेट देतोय, उशीर झाला सॉरी, ऑफिसचं काम होतं मधे.

गुंता गेला. पाय वर करून दोरा ओवला आणि पहिल्याच टिपेला खालची बाजू वरच्यासारखी. मी दोन आठवडे त्या स्क्रूशी भांडत होतो. तेलपाणी, तुम्ही पुण्यात असाल तर चहा माझ्याकडून. स्क्रूही सापडला, नवीन केस आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोफ्याखाली.

गळा चौकोनी केला. पुढचे दोन कोपरे बरे आलेत, मागचा एक पहिल्यांदा इतका वाकडा आला की तीन वेळा उसवला, चौथ्यांदा हाताने तुरपला. आत बरोब्बर पाच इंच भरतो.

बगलेतले चौकोन बसले. उजवा चांगला बसला. डाव्याची बुट्टी उलटी लागलीये, म्हणजे बाकी सगळ्या बुट्ट्या वर बघतायत आणि बगलेतल्या खाली. लेकीने हात वर करून दोन गिरक्या घेतल्या, पोलकं जागेवर. मी कमरेत टेप धरून बघितलं, अर्धा इंच उचललं असेल. आता फक्त पाठीमागे हुक लावायचे राहिलेत. काजे घालू का आयलेट्स लावू? आणि डावी बगल उसवू का?

सांगलीची_आत्या:

बगलेत कोण बघतंय. उसवू नका, खण तिसऱ्यांदा उसवलेला टिकत नाही.

हुकाला धातूच्या कड्या लावू नका, मुलं पाठ टेकतात, टोचतं. दोऱ्याचे काजे घाला, चार दोरे आडवे घ्यायचे आणि त्याच्यावर गुंफत जायचं. पाच हुक पुरेत, सगळ्यात वरचा अगदी कडेला, नाहीतर मान उघडते. आणि कुशीत माया किती ठेवलीय? पुढच्या वर्षी सोडायला लागेल. परकराला खालच्या अंगाला एक आडवी दुमड घालून ठेवायची, उंची वाढली की उसवायची. घातली नसेल तर आता घाला.

उसवलेला_टाका:

माया वहीप्रमाणे १. दुमड आज घालतो.

आत्या अजून एक आहे. काल लेकीची मैत्रीण घरी आली होती, तिने पोलकं बघितलं, आणि आज तिच्या आईचा मेसेज आलाय की आमच्याही मुलीला एक शिवून द्याल का, कापड आम्ही आणू. काय उत्तर देऊ?

तेलपाणी:

दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही म्हणून कळवा.