अंबडमधल्या वर्कशॉपचं लाईटबिल कमी करायचंय, सुरुवात कुठून करू?

अंबड_टर्निंग
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं युनिट आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारी कटिंगची मशीन), एक व्हीएमसी (त्यातलंच उभं मिलिंग मशीन), मशीनना दाबाची हवा पुरवणारा 15 एचपीचा स्क्रू कंप्रेसर आणि माळ्यावर छोटं ऑफिस. भार 20 किलोवॅटच्या वर आहे. बिल आलं की शेठ आधी ऑफिसचे पंखे बंद करायला लावतात. पोरं उकाड्यात बसतात, ते मला बघवत नाही. परवा एकजण ‘पॉवर सेव्हर’ची पेटी विकायला आला होता. घ्यावी का? की पैसा दुसरीकडे घालावा?

सातपूर_मेंटेनन्स
दादा, पेटी अजिबात घेऊ नका. आत बहुतेक वेळा साधा कपॅसिटर निघतो. तुमच्याकडे एपीएफसी पॅनल (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं) असेल तर ते काम आधीच चालू आहे.

शेठना एक हिशेब दाखवा. 75 वॅटचे सहा पंखे तासभर फिरले तरी अर्धा युनिटही होत नाही. 15 एचपीचा कंप्रेसर लोडवर, म्हणजे हवा भरत असताना, तासाला 11 युनिटच्या आसपास खातो, आणि अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता घोंघावत असतानाही साधारण पाव ते तिसरा हिस्सा ओढतो. म्हणून पहिलं काम हवेची गळती.

सुट्टीच्या दिवशी मशीन सगळ्या बंद ठेवा, हवेचे कॉक मात्र उघडे. कंप्रेसर चालू करा आणि घड्याळ लावून बघा, किती वेळ लोड होतो, किती वेळ अनलोड राहतो. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागा, 100 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे तुमची गळती. 10 टक्क्यांच्या आत असेल तर लाईन चांगली. 7 बारला 3 मिलिमीटरचं एक भोक तीन किलोवॅटच्या वर वीज उडवतं, तेही चोवीस तास कंप्रेसर चालू असेल तर चोवीस तास.

बिल_बारकाईने
भाऊ, बिलाचे आकडेही बघा. 20 किलोवॅटच्या वरच्या औद्योगिक ग्राहकांना महावितरण केव्हीएएचवर आकारणी करतं, म्हणजे प्रत्यक्ष युनिटला पॉवर फॅक्टरने (ओढलेल्या विजेतली खरी कामी आलेली किती, ते प्रमाण) भागून येणाऱ्या आकड्यावर. समजा प्रत्यक्ष वापर 9,000 युनिट आणि पॉवर फॅक्टर 0.90, तर बिल 10,000 केव्हीएएचचं लागतं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, 9,000 भागिले 0.90.

आणि उलटी बाजू बरेच जण विसरतात. रात्री मशीन बंद आणि फिक्स कपॅसिटर चालूच, असं असेल तर पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होतात), त्यानेही केव्हीएएच वाढतात. पॅनलचा रिले (कपॅसिटर चालू-बंद करणारा) ऑटोवर आहे ना, आणि कपॅसिटर फुगलेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारं) असेल तर संध्याकाळचा महाग झोनही डोक्यात ठेवा. जे जॉब दिवसा उरकतात ते संध्याकाळवर ढकलू नका.

सिडको_ऑफिस
ऑफिससाठी माझं मत: पंखे बंद करू नका, बदला. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण 30 ते 35 वॅटवर चालतो. एसी 24 वर ठेवा; एक अंश वर नेला की एसीची सुमारे 6 टक्के वीज वाचते. नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या उघडल्या तरी भागतं, तेव्हा एसी कशाला लावायचा? माणसांना घामाघूम बसवून केलेली बचत मला मुळीच मान्य नाही.

अंबड_टर्निंग
सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टीला टेस्ट केली. लोड 3 मिनिटं, अनलोड 5 मिनिटं. म्हणजे 37 टक्क्यांच्या वर! साबणाचं पाणी लावून बघितलं तर बहुतेक गळती क्विक कपलर आणि एअर गनच्या होजला. शेठ स्वतः उभे राहून बघत होते. आता प्रेशरही कमी करू का? सध्या 7.5 बार आहे.

सातपूर_मेंटेनन्स
करा, पण आधी कपलर आणि क्लिपा बदला. मग 0.2 बारने हळूहळू उतरवा. एक बार कमी झाला की कंप्रेसरची साधारण 6-7 टक्के वीज वाचते. व्हीएमसीवर लक्ष ठेवा, टूल अनक्लॅम्पला (टूल सोडवायला) हवा कमी पडली की अलार्म येतो. मॅन्युअलमध्ये किमान प्रेशर दिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आणि प्रत्येक मशीनच्या लाईनवर एक बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, मशीन बंद केली की ऑपरेटरने तिची हवाही बंद करायची. सोलरचा विचार डोक्यात असेल तर तो यानंतरच करा, म्हणजे पॅनल कमी लागतील.