थंडीतलं रंगकाम, ३ ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी: काय काय घेता येईल?

अंगणवाडी_घाटंजी
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी चालवते. वीसेक लेकरं आहेत. डिसेंबर-जानेवारीत 'थंडी' विषय धरून रंगकाम घ्यायचं आहे. मोबाईलवर शोधलं की जिकडे तिकडे बर्फाचा माणूस आणि लाल टोपी. माझ्या लेकरांची थंडी म्हणजे दारातली शेकोटी, धुक्यात आवाज येतो पण दिसत नाही अशी एसटी, कापूस वेचायला गेलेली आई. हे कागदावर कसं आणायचं?
पोस्टर कलरच्या थोड्या बाटल्या आहेत, ब्रश मोजके, कागद बहुतेक पाठकोरे. शिवाय सकाळी गार पाण्यात हात घालायला कुणी तयार होत नाही आणि रंगही लवकर वाळत नाही.

पऱ्हाटी_वणी
ताई, कापसापासून सुरुवात करा. पण शेतातलं बोंड थेट लेकरांच्या हातात देऊ नका. त्यावर किती फवारण्या झाल्यात ते आपल्याला ठाऊक असतं, आणि या वयाची मुलं हातातली वस्तू तोंडात घालतात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते कोण विसरेल? बोंड लांबून दाखवा, रंगवायला मेडिकलमधला कापूस घ्या.
कापसाचा लहानसा बोळा कपड्याच्या चिमट्यात धरायचा, पांढऱ्या रंगात टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. ब्रश लागतच नाही. चिमटा दाबून-सोडून बोटांत जोर येतो, पुढे पेन्सिल धरायला तोच कामी येतो. फुटलेल्या बोंडात चार-पाच कप्पे असतात, तेवढे ठिपके जवळजवळ उठवले की बोंड तयार. मागचा कागद मात्र गडद हवा, खाकी पुठ्ठा चालेल.
आणि हे फार महत्त्वाचं: फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे-बाटल्या रंगाच्या पाण्यासाठी कधीच वापरू नका, कितीही धुतलेले असले तरी.

संत्राबाग_काटोल
आमच्याकडे या दिवसांत आंबिया बहाराची संत्री असतात. संत्रं आडवं कापून दोन-तीन तास उन्हात ठेवा, रस जरा आटू द्या, मग ठसे घ्या. फोडींचं चाक छान उमटतं. ताजं कापलेलं घेतलं तर नुसता लगदा होतो.

चित्रकला_शिक्षक
ताई, तुमच्या प्रश्नातली धुक्यातली एसटी मला फार आवडली. आधी लेकरांना एसटी, बाभळी, विहीर जाड रंगात काढू द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग स्पंजला पांढरा रंग अगदी थोडा लावून, जवळपास कोरड्या स्पंजने वरून टिपत जायचं. लांबच्या वस्तूंवर जास्त, जवळच्यांवर कमी. अगदी लहान मुलांसाठी चित्राच्या वरच्या कडेला बटर पेपर चिकटवा. कागद खाली असेपर्यंत धुकं, वर उचलला की एसटी आली! हा खेळ मुलं पुन्हा पुन्हा मागतात.
दवासाठी पांढरी मेणबत्ती. कोऱ्या कागदावर दाबून थेंब काढा, लेकरांनी वरून पातळ निळा रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे थेंब आपोआप उघडे पडतात. याला पाठकोरा कागद टिकणार नाही, भिजून फाटेल. गावातल्या जुन्या लग्नपत्रिका मागवा. बिनचकाकीच्या पत्रिकेची कोरी बाजू जाड असते आणि फुकट मिळते.
गारा करायच्या तर फेव्हिकॉलच्या ठिपक्यांवर मीठ पेरा, जास्तीचं झटका आणि ओल्या ब्रशने रंगाचा एकेक थेंब टेकवा. मीठ रंग ओढून घेतं, तो पसरताना बघणं हाच अर्धा आनंद. मिठाचे हात डोळ्यांना लागणार नाहीत एवढं बघा. ही चित्रं पावसाळ्यात ओल धरतात, त्याआधीच लेकरांच्या घरी देऊन टाका.

अंगणवाडी_घाटंजी
सर, लग्नपत्रिकांचं आजच सांगते पालकांना. शेकोटीचं काय करू? लाल-केशरी रंग संपत आले आहेत.

वऱ्हाडी_आजी
माय, शेकोटीले रंग इकत कायले आनता? चुलीतला थंडा कोयसा घ्या, हयद घ्या. कोयशानं लाकडं काढाले लावा. हयद पान्यात कालवून जाय काढा. वाल्ली असतानीच तिच्यावर खायच्या सोड्याच्या पान्याचे फराटे ओढा, पिवया जायातून लालसर तपकिरी रंग निंगते. पोट्टे पायतच रायते. त्यावर लिंबू पिया, पुन्ना पिवयं होते. चुन्यानं त्याहून लाल होते, पन चुना लेकरायजवळ नोका नेऊ, डोयात गेला तं डोया जाईन.

नवेगावबांध_जवळचा
बर्फ अगदीच वगळू नका असं माझं मत. टीव्ही-मोबाईलवर मुलांनी तो पाहिलेला असतो, ती विचारणारच. आमच्या बाजूला हिवाळ्यात तळ्यांवर पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. हा पक्षी काढा आणि मग तो जिथून आला तिथला बर्फ सांगा. लेकराच्या तळहाताला राखाडी रंग लावून ठसा घ्या. बोटं म्हणजे शेपूट-पंख, अंगठा म्हणजे मान. अंगठ्याच्या टोकाला पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूने दोन काळ्या पट्ट्या, चोच पिवळी. पट्ट्या मोठ्यांनी काढल्या तरी चालतील, ठसा मात्र लेकराचाच हवा.

पऱ्हाटी_वणी
वाळण्याचं राहिलंच. सकाळी गाणी-गोष्टी घ्या, रंगकाम ११ नंतर ओट्यावर उन्हात. पाणी कोमट द्या. रंग पातळ लावला आणि चित्रं दोरीला टांगली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाळतात.

अंगणवाडी_घाटंजी
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी शेकोटीपासून सुरुवात करते, कोळसा आणि हळद घरचीच आहे. पट्टकादंब जानेवारीत घेईन. आजी, हळदीचे डाग कपड्यांना लागले तर आया रागावतील का?

वऱ्हाडी_आजी
जुना सदरा घालून धाडा म्हना. अन् साबन लावला का डाग लाल होते, तं भेऊ नोका. धुवून कडक उनात टाका, हयद उनानं उडते.