मदत हवी आहे: चार्जरची केबल एकाच कोनात चालते, दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

नमस्कार मंडळी,

फोनच्या चार्जरची केबल पंधरा दिवसांपासून नखरे करतेय. आधी फक्त एवढंच झालं की स्क्रीनवर 'फास्ट चार्जिंग' ही अक्षरं यायची थांबली. टक्के वाढायचे, पण मुंगीच्या पावलांनी. मला वाटलं, फोनचंच वय झालं. मग फोटो उतरवायला फोन कॉम्प्युटरला जोडला, तर कॉम्प्युटरने ओळखच दाखवली नाही. चार्जिंग मात्र चालू होतं. आणि परवापासून तर केबल एका बाजूला मुरगाळून तिच्यावर जाडजूड पुस्तक ठेवलं तरच चार्जिंग टिकतं. कुणी दार आपटलं की बंद.

केबलचं एक टोक अ‍ॅडॅप्टरमध्ये जाणारं जुनं चपटं यूएसबी-ए, दुसरं टाइप-सी. लांबी मीटरभर. बाहेरून कुठेही फाटलेली नाही. घरात सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर आहे. डाग देता येतो, पण शाळेच्या प्रोजेक्टला चालेल इतपतच.

केबलच बिघडली आहे हे नक्की कसं ठरवू? आणि जिथे वाकवल्यावर चालतं तिथे घट्ट चिकटपट्टी गुंडाळली तर चालेल का? 'नवीन घ्या' हे उत्तर मला माहीत आहे, ते सोडून सांगा.

प्रतिसाद

कापाकापीच्या आधी फोनचं पोर्ट बघा. फोन बंद करा आणि टॉर्च मारून आत डोकवा. खिशातली धूळ आणि कापडाचे धागे दर वेळी प्लग खुपसताना तळाशी दाबले जातात आणि त्यांचा पार नमदा होतो. मग प्लग पूर्ण आत बसत नाही आणि जरा हललं की सुटतो. लक्षणं हुबेहूब तुटक्या केबलसारखीच. लाकडी टूथपिकने हळूहळू उकरून काढा. सुई किंवा टाचणी अजिबात नको, कारण टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना पिना असतात. ती जीभ तुटली तर केबलचं दुखणं फोनवर जाईल.

धागाकर्ती

सांगायला लाज वाटते, पण चिमूटभर कचरा निघाला. आता प्लग 'टक्' करून बसतो. दुखणं मात्र तसंच.

मग अदलाबदल करून पाहिली. तोच फोन, तोच अ‍ॅडॅप्टर, केबल दुसरी: फास्ट चार्जिंग लगेच सुरू. हीच केबल, पण फोन आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही दुसरे: तेच नखरे. म्हणजे गुन्हेगार केबलच ना?

प्रतिसाद

हो. आणि निदान तुम्हीच पहिल्या परिच्छेदात लिहून ठेवलंय.

या जातीच्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या (अधिक पाच व्होल्ट आणि ग्राउंड, म्हणजे परतीची), दोन डेटाच्या. फोन चार्जरला लावला की आधी डेटाच्या जोडीवर चाचपून बघतो की समोर कोण आहे. साध्या चार्जरमध्ये या दोन डेटा पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. ते दिसलं की फोन समजतो, हा चार्जर आहे, दीड अँपिअरपर्यंत ओढायला हरकत नाही. यूएसबी-एच्या अ‍ॅडॅप्टरवरचे बरेचसे फास्ट चार्जिंगचे प्रकारही आपली बोलणी याच जोडीवर करतात. जोडीतली एक तार तुटली की बोलणी संपली. फोन बिचकतो आणि साधारण अर्ध्या अँपिअरवर येतो.

म्हणून आधी फास्ट चार्जिंग गेलं, मग कॉम्प्युटरने ओळख सोडली, तरी टक्के वाढत राहिले. तेव्हा फक्त डेटाची तार तुटली होती. आता वाकवल्याशिवाय चालत नाही, म्हणजे विजेच्या दोनपैकी एक तार तुटायला आली आहे. फोन म्हातारा वगैरे झालेला नाही.

प्रतिसाद

एवढ्या वेळात नवीन केबल येऊन घरभर वापरूनही झाली असती. केबल ही वापरून टाकायचीच वस्तू आहे हो.

धागाकर्ती

म्हणूनच ते उत्तर आधीच वगळलं होतं :) शिवाय एक मीटर धड तांबं दोन बोटं खराब झाली म्हणून कचऱ्यात का टाकायचं?

प्रतिसाद

चिकटपट्टीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. वरून पट्टी गुंडाळल्याने आतलं तांबं जोडलं जात नाही, फक्त वाकणं कमी होतं. धड केबलला ती आधीपासून गुंडाळली तर उपयोग आहे. तुटलेल्या केबलला गुंडाळली तर आजार झाकला जातो, आणि तो झाकणं धोक्याचं आहे.

तार म्हणजे केसासारख्या तारांचा जुडगा. त्यातल्या बहुतेक तुटल्या आणि दोन-चार नुसत्या टेकून राहिल्या, तर त्या जागी रोध वाढतो. समजा अर्धा ओहम झाला. दोन अँपिअर वाहत असतील तर तिथे एक व्होल्ट खाल्ला जातो, म्हणजे पाचातले चारच फोनपर्यंत पोचतात, आणि नखाएवढ्या जागेत दोन वॅट उष्णता तयार होते. हीच गोष्ट तीन अँपिअरवर साडेचार वॅट, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यावर पट्टीचे पाच वेढे आणि वर तुमचं पुस्तक. रात्री उशीखाली अशी केबल ठेवून झोपू नका. आजपासून ते पुस्तक काढा.

प्रतिसाद

+१. आता तुटलंय कुठे ते शोधा. चार्जिंगला लावून केबल एका टोकापासून दोन बोटांच्या अंतराने अंगठ्याने हलकेच वाकवत जा आणि चार्जिंगचं चिन्ह कुठे जातं-येतं ते बघा. दहातल्या नऊ वेळा ते प्लगच्या मानेपाशी सापडतं, जिथे कडक रबर संपून मऊ केबल सुरू होते. सगळं वाकणं तिथेच गोळा होतं ना. कोणत्या टोकाची मान आहे ते सांगा, पुढचं सगळं त्यावर आहे.

धागाकर्ती

अ‍ॅडॅप्टरकडच्या टोकाची! मानेलाच. आपण केबल धरून ओढतो ना, प्लग धरून नाही... आमच्याकडे सगळेच तसे ओढतात. मी त्यात नाही असं म्हणणार होते, पण असो.

प्रतिसाद

सुटलात. टाइप-सीकडची मान असती तर मी पण 'सोडून द्या' म्हटलं असतं. त्या प्लगच्या आत नखाहून लहान सर्किट असतं. त्यावर दाटीवाटीने डाग, आणि शिवाय ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर. यूएसबी-ए ते टाइप-सी केबलमध्ये तो फोनला सांगतो की पलीकडे जुन्या पद्धतीचं पोर्ट आहे, बेताने ओढ. तिथे १० किलोओहमचा बसवलेला असला तर फोन समजतो की पलीकडे तीन अँपिअर द्यायची ताकद आहे, मग ती असो वा नसो. स्वस्तातले सुटे टाइप-सी प्लग म्हणूनच मी वापरत नाही.

यूएसबी-ए टोकाला अशी काही भानगड नाही. चार पिना, चार तारा. एखादी निकामी यूएसबी केबल शोधा, जिचं ए टोक धड आहे. तिचं ते टोक थोड्या केबलसकट कापून घ्या. तुमच्या केबलची खराब मान तीन-चार बोटं मागून कापा. मग तार-तार जोडायची.

कापण्याआधी नव्हे, पण डाग देण्याआधी हीट श्रिंक नळी (धग लागली की आकसून घट्ट बसणारी) केबलवर ओवून ठेवा. एक मोठी वरच्या सालीसाठी, चार बारीक आतल्या तारांसाठी. हे मी तीनदा विसरलो आहे आणि तिन्ही वेळा सुंदर डाग दिल्यानंतर आठवलं. ओवलेल्या नळ्या जोडापासून लांब सरकवा, नाहीतर आयर्नच्या धगीने तिथेच आकसतात.

चारही जोड एकाच जागी आणू नका. एक तार लांब, पुढची आखूड, असं पायरीपायरीने कापा. म्हणजे एखादी नळी सरकली तरी लाल-काळं एकमेकांना भिडत नाही आणि सापाने उंदीर गिळल्यासारखा फुगवटाही येत नाही. वरच्या सालीखाली जाळी किंवा चंदेरी कागद असेल तर जाळी जाळीला जोडा. एखादा सुटा केस आतल्या तारांवर राहू देऊ नका.

आणि डाग धरतच नसेल तर हात खराब आहे असं समजू नका. काही बारीक केबलांत तांब्यावर लाखेसारखा पातळ थर असतो आणि मधे नायलॉनचा दोरा. दोरा कापा, थर ब्लेडने हलकेच खरवडा, मग आयर्नच्या टोकावर कथलाचा थेंब घेऊन तार त्यात बुडवून ठेवा. चकाकली की झालं.

धागाकर्ती

कापली. परतीचे दोर कापले म्हणतात ते अक्षरशः. माझ्या केबलमध्ये लाल, काळी, हिरवी, पांढरी. आणि जुन्या केबलच्या तुकड्यात नारिंगी, पांढरी, हिरवी, निळी!! आता पांढरी पांढरीला जोडू का?

प्रतिसाद

थांबा, नका जोडू!

लाल अधिक, काळी ग्राउंड, हिरवी-पांढरी डेटा हा सर्वसाधारण रिवाज आहे, पण तो प्रत्येक केबल पाळतेच असं नाही. नारिंगी-निळ्याच्या जातीत पांढरी तार विजेची असू शकते. अधिक आणि ग्राउंड उलटं झालं तर काय होतं याचं उदाहरण आहे. गूगलचे इंजिनिअर बेन्सन लिउंग २०१५ पासून बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन तपासत होते. २०१६ च्या फेब्रुवारीत एका केबलमध्ये आतून या दोन तारांची अदलाबदल झालेली निघाली आणि त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच गेला. ती तर कारखान्यातून तयार आलेली केबल होती.

रंग विसरा, पिना मोजा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप वाजते त्या खुणेवर. तुकड्याचा प्लग पिना वर दिसतील असा धरा. एक टोक पहिल्या पिनवर, दुसरं एकेका तारेवर. बीप झाली की कागदावर लिहा. कडेच्या दोन पिना विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. मग तुमचा कापलेला मूळ प्लग तस्साच धरून तेच करा. ज्या जागेच्या पिनला तुमच्याकडे लाल, त्याच जागेच्या पिनची तुकड्यातली तार लालला.

धागाकर्ती

केलं, आणि वाचताना जेवढं किचकट वाटलं तेवढं अजिबात नाही. मूळ प्लगमध्ये काळी आणि हिरवी लगेच वाजली. लाल मान वाकवली तरच वाजते. पांढरी काही केल्या वाजत नाही. म्हणजे तुम्ही न बघता सांगितलं होतं तेच: डेटाची एक पूर्ण तुटलेली, विजेची एक अर्धवट! पांढरी वाजत नसली तरी मधली एकच पिन उरली होती, म्हणून ती तिचीच.

तुकड्यात नारिंगी अधिक निघाली आणि पांढरी ग्राउंड. पांढरीला पांढरी जोडली असती तर डेटाची तार ग्राउंडवर गेली असती.

प्रतिसाद

शाबास. आता एक पक्की खात्री करून घ्या. तुकड्याचा प्लग अ‍ॅडॅप्टरमध्ये लावा, चारही उघडी टोकं एकमेकांपासून लांब पसरवून, आणि नारिंगी-पांढरीवर व्होल्ट मोजा. मीटरचं लाल टोक नारिंगीवर. पाचाच्या आसपास आकडा आला आणि मागे उणे चिन्ह नसलं की निःशंक डाग द्या, अ‍ॅडॅप्टर काढून ठेवून. सगळं जोडल्यावर फोन लावण्याआधी ए प्लगच्या कडेच्या दोन पिनांमध्ये बीप वाजत नाही हे बघा. वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे.

प्रतिसाद

मधेच घुसतोय. माझी लॅपटॉपची केबल आहे, दोन्हीकडे टाइप-सी. हीच युक्ती चालेल का?

प्रतिसाद

नाही. दोन्हीकडे टाइप-सी असलं की बोलणी डेटाच्या जोडीवर होत नाहीत, त्यासाठी एक वेगळी तार असते. त्या बोलण्यांनंतर चार्जर ९, १५, २० व्होल्टपर्यंत चढतो. पाच अँपिअरच्या केबलीत तर एक चिपही असते, ती केबलची ताकद चार्जरला सांगते. तुम्ही हातजोड केलीत तरी चिप आपलं जुनंच प्रमाणपत्र दाखवत राहणार आणि चार्जर विश्वासाने पाच अँपिअर सोडणार. जोड कच्चा असला तर केबल पेटायला उशीर लागायचा नाही. ती केबल बदला. आणि जाता जाता, केबल ठीक, पण अ‍ॅडॅप्टर कुणीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट काही काळ राहू शकतात.

धागाकर्ती

झालं! आकडा ५.१ आला, उणे चिन्ह नाही. पहिल्या फेरीत चार बारीक नळ्या आठवणीने ओवल्या आणि मोठी विसरले. म्हणजे पुन्हा सगळं सोडवून परत डाग. बीप नाही. मग धीर करून फोन लावला आणि फास्ट चार्जिंगची अक्षरं आली. कॉम्प्युटरनेही ओळख दिली, फोटो उतरवून झाले.

अर्धा तास जोडावर बोट ठेवून बसले होते. थंड आहे.

प्रतिसाद

छान. तरी आठवडाभर जागेपणीच लावा आणि मधूनमधून जोडाला हात लावून बघा. कोमट लागला तर पुन्हा उघडा.

धागाकर्ती

हो, बघेन. कापाकापीत केबल चार बोटं आखूड झाली, आता ती पलंगापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे रात्री लावायचा प्रश्नच मिटला. सगळ्यांचे आभार, 'नवीन घ्या' म्हणणाऱ्यांचेसुद्धा.