एरिथ्रोच्या बाजूनं क्लिंडामायसिनचा झोन चपटा येतोय, रिपोर्टात काय लिहायचं?

निपाणी_लॅब
पुवातून स्टॅफ ऑरियस हा जंतू आलाय. एरिथ्रोमायसिन (१५ मायक्रोग्रॅम) साफ रेझिस्टंट, अगदी औषधाच्या कागदी डिस्कच्या काठापर्यंत वाढ. क्लिंडामायसिनचा (२ मायक्रोग्रॅम) झोन, डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, २४ मिमी, म्हणजे तक्त्याप्रमाणं सेन्सिटिव्ह. खरं एरिथ्रोकडच्या बाजूनं तो झोन चपटा आहे, इंग्रजी डी अक्षरासारखा. दोन्ही औषधं ५०एस वरच (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या मोठ्या भागावर) बसतात की. मग एक चालतं, दुसरं नाही, आणि शेजारी ठेवल्यावर चालणारंही बिघडतं, हे कसं?

टिळकवाडी_मायक्रो
२४ मिमी असला तरी क्लिंडामायसिन रेझिस्टंट लिहा. तुमची डी-टेस्ट पॉझिटिव्ह आहे, म्हणजे एरिथ्रोच्या बाजूनं क्लिंडाचा झोन डी-सारखा चपटा आलाय.

प्रथिनाची साखळी तयार होता होता ५०एस मधल्या अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. एरिथ्रोमायसिन या बोगद्याच्या सुरुवातीला, ५०एस चाच घटक असलेल्या २३एस आरएनएतल्या २०५८ क्रमांकाच्या ॲडेनीनला धरून बसतं आणि साखळीची वाट अडवतं. क्लिंडामायसिन त्याच्या अलीकडे, पेप्टाइड बंध जुळतो त्या जागेत घुसतं, खरं टेकू त्यालाही त्याच ॲडेनीनचा लागतो. जंतूकडे अर्म जनुक असेल तर त्याचा एन्झाइम या ॲडेनीनवर मिथाइल गट चढवतो. मग दोघांनाही बसायला जागा नाही.

हे जनुक एरवी बंद असतं. त्याच्या एमआरएनएवर (रायबोसोम वाचतो ती जनुकाची प्रत) रायबोसोमनं पकडायची जागा घडीत दडलेली असते. घडीच्या आधी एका छोट्या साखळीचा, लीडर पेप्टाइडचा, मजकूर आहे. अर्म-सी मध्ये ते १९ अमिनो आम्लांचं. एरिथ्रो लागलेला रायबोसोम त्याच्या नवव्या कोडॉनवर (एका अमिनो आम्लाचा संकेत) अडकून पडतो, त्यामुळं घडी उलगडते, आणि औषध न लागलेले रायबोसोम अर्म वाचायला लागतात. क्लिंडामायसिनला ही घडी उलगडता येत नाही. म्हणून एकट्या डिस्कला जंतूची वाढ थांबते, आणि एरिथ्रो पसरलेल्या बाजूला तोच जंतू वाढतो.

रुग्णाला क्लिंडामायसिन दिलं तर ज्यांचं अर्म कायम चालू झालंय असे म्युटंट निवडून उरतात. सुरुवातीला बरं वाटून जखम परत चिघळते ती यामुळं.

खानापूर_डीएमएलटी
डिस्कमधलं अंतर काठापासून काठापर्यंत मोजायचं, स्टॅफला १५ ते २६ मिमी. डिस्पेन्सरनं डिस्क टाकल्या की या दोन बऱ्याचदा लांब पडतात आणि डी दिसतच नाही. हाताने शेजारी ठेवा. जंतूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड, प्लेटवर म्युलर-हिंटन आगरचा थर ४ मिमी, ३५ अंशाला १६ ते १८ तास. झोनच्या आत पुसट धुरकट वाढ असेल तर डी नसला तरी रेझिस्टंटच.

आपल्याकडं पावसाळ्यात हवा ओलसर असते. फ्रिजमधली डिस्कची कुपी लगेच उघडली की आत दव धरतं, डिस्कचा जोर कमी होतो. आधी रूमच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा.

निपाणी_लॅब
धन्यवाद सर. एरिथ्रो रेझिस्टंट, खरं क्लिंडाचा झोन गोल, असंही एखाद्या प्लेटवर दिसतं. ते?

टिळकवाडी_मायक्रो
बहुतेक एमएसआर-ए हे प्रथिन. त्याला पूर्वी औषध बाहेर टाकणारा पंप समजत. आता कळलंय, हे प्रथिन रायबोसोमवर येऊन एरिथ्रोला जागेवरून हुसकतं. क्लिंडाला ते हात लावत नाही. डी-टेस्ट निगेटिव्ह आणि झोन २१ किंवा वर असेल तर बिनधास्त सेन्सिटिव्ह लिहा. फक्त त्या दिवशी कंट्रोल (ठरलेले प्रमाणित जंतू) लावलेला असू दे, बीएए-९७७ ला डी आलाच पाहिजे, बीएए-९७६ ला येता कामा नये.