आईची फास्टिंग-पीपी चांगली, पण तीन महिन्यांची सरासरी 8.1 : कोणत्या तपासण्या राहून गेल्या?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझी आई 58 वर्षांची असून तिला नऊ वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे व मेटफॉर्मिनची गोळी सुरू आहे. मांडीवर सूप घेऊन तिने तीस वर्षे विड्या वळल्या. दर महिन्याला आम्ही घराजवळच्या लॅबमध्ये उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासतो. गेल्या वेळी ती 118 आणि 162 आली, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. या महिन्यात प्रथमच एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) केली आणि ती 8.1 टक्के निघाली. त्याच रक्तात हिमोग्लोबिन 9.2 आहे. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा? शिवाय नऊ वर्षांत तिचे डोळे, पाय किंवा लघवी कोणी एकदाही तपासलेली नाही, हे आता लक्षात येऊन मन खाते आहे. वर्षभरात काय काय व्हायलाच हवे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (निवृत्त लॅब तंत्रज्ञ)

ताई, दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे एचबीएवनसी सांगते, 8.1 म्हणजे सरासरी साखर साधारण 185. तुम्ही मोजता ते मात्र महिन्यातले दोनच क्षण. तपासणीच्या आदल्या रात्री एक भाकरी कमी खाणारे, भात टाळणारे रुग्ण मी नोकरीत रोज पाहिले, आणि त्यांचा अहवाल त्या एका रात्रीपुरताच खरा असे.

पण 9.2 हिमोग्लोबिनकडे दुर्लक्ष करू नका. लोहाची कमतरता असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. याउलट नुकताच रक्तस्राव झालेला असेल किंवा पेशी लवकर नष्ट होत असतील, तर ती खोटी कमी येते. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) करून घ्या. मेटफॉर्मिन दीर्घकाळ सुरू असल्याने बी-12 देखील पाहायला सांगा, कारण त्याच्या कमतरतेनेही रक्त कमी होते आणि पायांना मुंग्या येतात. दरम्यान आठवडाभर ग्लुकोमीटरवर वेगवेगळ्या वेळी, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. तोवर गोळीचे प्रमाण स्वतःहून बदलू नका.

उत्तर 2 (मधुमेह विभागातील परिचारिका)

वरील उत्तर योग्य आहे. मला खरी काळजी वाटते ती न झालेल्या तपासण्यांची. टाइप 2 मधुमेहात निदान होते त्याच वेळी डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो, कारण साखर कित्येकदा आधीची काही वर्षे नकळत वाढलेली असते. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून सहसा ही तपासणी करतात. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ती नव्हे. 'आईला स्पष्ट दिसते' यावर विसंबू नका. पडद्यावर बरेच नुकसान होईपर्यंत दृष्टी चांगली राहू शकते.

मूत्रपिंडासाठी केवळ क्रिएटिनिन पाहून भागत नाही. लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर वर्षातून एकदा पाहायला हवे, आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) काढून घ्यायला हवा. गुणोत्तर 30 च्या वर आले तरी लगेच घाबरू नका. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जास्त श्रम यांनीही ते वाढते, म्हणून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून, तीनपैकी दोनदा वाढलेले आढळल्यासच ते खरे धरतात. अशा अवस्थेत रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणून योग्य औषधे दिली, तर मूत्रपिंडाची हानी बरीच लांबवता येते. म्हणूनच ही स्वस्त तपासणी राहून गेल्याचे पाहिले की मला वाईट वाटते.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. बहुतेकांसाठी तो 130/80 च्या खाली असावा. कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा. एचबीएवनसी स्थिर असल्यास वर्षातून दोनदा, आणि आईसारखी वाढलेली असल्यास किंवा औषध बदलल्यास दर तीन महिन्यांनी. अनेक प्रौढांसाठी 7 टक्क्यांखालील लक्ष्य ठरवतात, मात्र फार वृद्ध किंवा वारंवार साखर खाली जाणाऱ्या रुग्णांसाठी ते सैल ठेवतात.

उत्तर 3 (सोलापूरचा पूर्व भाग)

पायांबद्दल मी सांगतो. मी यंत्रमागावर काम करतो, मधुमेहाला चौदा वर्षे झाली. गेल्या चैत्रात भर दुपारी देवळाच्या आवारातील तापलेल्या फरशीवरून अनवाणी चाललो आणि मला काहीही जाणवले नाही. संध्याकाळी पत्नीने विचारले, 'फरशीवर हे ओले ठसे कसले?' तळव्याला दोन मोठे फोड येऊन फुटले होते. जखम भरायला अडीच महिने लागले. नंतर डॉक्टरांनी एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवत 'लागतो का?' असे विचारले, तेव्हा दहापैकी चार ठिकाणी मला तो कळला नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि चौदा वर्षांत ती पहिल्यांदाच झाली. आईला रोज रात्री आरशात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहायला सांगा. आपल्या सोलापूरच्या उन्हात अनवाणी तर मुळीच चालू देऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज आईचे तळवे प्रथमच उजेडात नीट पाहिले. डाव्या टाचेला खोल भेग आहे आणि ती दुखत नाही, असे ती म्हणते. उद्याच मी ती भेग डॉक्टरांना दाखवते, त्याच वेळी लघवीची आणि फेरिटिनची तपासणीही लिहून घेते. थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते असे समजले, म्हणून डोळ्यांच्या तपासणीला शनिवारी भाऊ बरोबर येईल. अहवाल आले की आकडे येथेच कळवीन.