पोकर सिरीज २०२५: मिझराकीचे निकाल नक्की काय सांगतात?

उत्तररात्र:
लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'चे २०२५चे निकाल पाहिले आणि माझं मत पक्कं झालं. पोकरला निव्वळ जुगार म्हणणं अन्यायाचं आहे. मायकेल मिझराकीने ५० हजार डॉलर फीची 'पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप' चौथ्यांदा जिंकली (आधी २०१०, २०१२, २०१८). तिथे नऊ प्रकारचे पोकर आळीपाळीने खेळावे लागतात. एकात जरी कच्चे असलात तरी बाकीचे तिथेच गाठतात. त्याच उन्हाळ्यात मेन इव्हेंटही (सिरीजची मुख्य स्पर्धा, फी १० हजार डॉलर) त्यानेच मारला: ९,७३५ खेळाडू, पहिलं बक्षीस १ कोटी डॉलर. २०१०च्या मेन इव्हेंटमध्ये ७,३१९ जणांत तो पाचवा आला होता. एकाच माणसाच्या दारात नशीब इतक्यांदा येतं का?

कोरडवाहू:
असहमत. तुम्ही जिंकलेल्यापासून मोजायला सुरुवात करताय. ९,७३५ पैकी पैसे मिळाले १,४६१ जणांना, त्यातही शेवटच्यांना जेमतेम १५ हजार. उरलेले ८,२७४ जण प्रत्येकी १० हजार डॉलर घालवून घरी गेले. बक्षिसांच्या यादीत त्यांचं नावही नसतं.

२००३ आठवा. ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून सुरुवात केली आणि २५ लाख डॉलर जिंकले. तेव्हा मेन इव्हेंटला ८३९ खेळाडू होते, २००६ला ८,७७३ झाले. त्याची गोष्ट ऐकून जी रांग लागली, तिच्यात माझा मावसभाऊही होता. रात्री दोनला पांघरुणाखाली फोनचा उजेड दिसायचा. मावशीच्या पाटल्या मोडल्या तेव्हा घरात कळलं.

उत्तररात्र:
वाचून खरंच वाईट वाटलं. पण खेळ आणि व्यसन यांत फरक करायला हवा. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर शंभरात ऐंशीच्या वर वेळा जिंकते, उरलेल्या वेळी हरते. एका डावात कसब दिसत नाही. हजारो डावांत दिसतं.

मांडवीकाठ:
पणजीला बोटीवरच्या कॅसिनोत मी काही वर्षं पत्ते वाटायचं काम केलंय. मुरलेला खेळाडू पानं पडली की लगेच उचलत नाही, आधी बाकीच्यांचे डोळे बघतो. स्वतःची दोन पानं तो शेवटी, कोपरा उचलून बघतो. कसब आहे, यात मला शंका नाही.

मला खटकलं ते वेगळंच. याच सिरीजमध्ये १,५०० डॉलरच्या 'मिलियनेअर मेकर'चा शेवट बघा. शेवटच्या दोघांपैकी एकाला, तो जिंकला तर, बाहेरच्या एका गेमिंग साइटकडून १० लाख डॉलर जादा मिळणार होते. चिप्समध्ये (डावात लावायच्या चकत्यांमध्ये) भरपूर पुढे असलेला दुसरा खेळाडू अचानक विचित्र खेळून मागे पडू लागला. आयोजकांनी ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारं मानाचं कडं, कुणालाच दिलं नाही, उरलेली रक्कम दोघांत सारखी वाटली. पत्ते वाटणाऱ्याला यापेक्षा मोठा अपमान नाही. कसबाचा खेळ म्हणायचा, तर तिथे कुणी मुद्दाम हरता कामा नये.

कोरडवाहू:
ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. कसबाचे की नशिबाचे, हा भेदच ठेवला नाही. मला ते पटलं. पाटल्या गेलेल्या घरात या वादाला काय किंमत?

उत्तररात्र:
सरसकट बंदी मला नाही पटत. पण बक्षिसाच्या आकड्याशेजारी त्या खेळाडूने वर्षभरात भरलेली फी छापावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कित्येकांनी स्वतःतले हिस्सेही, म्हणजे जिंकलेल्या रकमेतला वाटा, आधीच दुसऱ्यांना विकलेले असतात, तेही कळू दे. मिझराकीला त्या रकान्याची भीती नसावी.

कोरडवाहू:
तो रकाना आमच्या घरात दहा वर्षांपूर्वी कुणी दाखवला असता तर बरं झालं असतं. माझ्या मावसभावाला ८६ आणि २५ लाख, एवढे दोनच आकडे पाठ होते.