डेन्मार्कच्या कपचा आराखडा 26 संघांना कसा बसवायचा? बाय, ड्रॉ आणि दोन लेग

वाशी_लेफ्टबॅक

ठाणे आणि नवी मुंबई मिळून 26 क्लबांची अकरा-अकराची बाद स्पर्धा ठरते आहे. ठाण्याकडचे 12, नवी मुंबईतले 14. दर्जात बरीच तफावत आहे. सहा संघ लीगच्या वरच्या गटात खेळणारे, बाकीचे खालच्या गटातले किंवा निव्वळ रविवारी जमणारे. समितीचं म्हणणं, डेन्मार्कच्या राष्ट्रीय कपसारखी रचना ठेवू, म्हणजे लहान संघांनाही घरच्या मैदानाचा फायदा मिळेल आणि उपांत्य फेरी दोन लेगची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मैदानांवर एकेक सामना अशी, करता येईल. मैदानं दोन, एक ठाण्यात आणि एक नवी मुंबईत, दोन्हीकडे दिवे नाहीत. खेळायला रविवारच मिळणार.

तिकडचा हंगाम नेमका कसा बांधलेला असतो आणि त्यातलं इथे काय चालेल? शिवाय 26 हा आकडा कुठेच नीट बसत नाहीये.

घणसोली_गोलकिक

26 छान बसतो, फक्त "बाय" (न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश) हा शब्द डोक्यातून काढा. बाद स्पर्धेत 32च्या खाली सहा कमी, म्हणून सहा बाय, असा हिशोब सगळे करतात आणि मग बाय कुणाला यावरून भांडणं होतात. डॅनिश कपमध्ये संघ टप्प्याटप्प्याने आत येतात. सुरुवातीला प्रादेशिक संघटनांच्या पात्रता फेऱ्यांतून आलेले हौशी क्लब आणि खालच्या विभागांतले संघ खेळतात, सुपरलीगातले (तिथल्या सर्वोच्च विभागातले) आघाडीचे संघ तिसऱ्या फेरीत, म्हणजे शेवटच्या 32मध्ये उतरतात. तुमच्याकडे वरच्या गटातले संघ नेमके सहाच आहेत. पहिली फेरी उरलेल्या 20 संघांची, 10 सामने. 10 विजेते अधिक हे 6 मिळून 16. पुढे 8 सामने, मग 4, मग उपांत्य, मग अंतिम. हे सहा कोण, ते गेल्या हंगामाच्या लीगच्या तक्त्यावरून ठरवा आणि प्रवेशपत्रिकेतच छापा. चिठ्ठी काढून बाय द्याल तर सर्वात तगडा संघ पहिल्याच रविवारी कुणाला तरी 9-0 ने हरवून जाईल आणि पुढच्या वर्षी तो "कुणीतरी" येणार नाही.

तिथल्या हंगामाचा साचा असा: पावसाळा-उन्हाळा अशी आपल्यासारखी अडचण नाही, पण थंडी आहे. सुरुवातीच्या फेऱ्या उन्हाळ्याच्या शेवटाकडे, मग हिवाळ्यात खंड, वसंतात उपांत्य आणि मेमध्ये अंतिम. गेली काही वर्षं अंतिम सामना ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला ठेवतात. तो दिवस ईस्टरवरून ठरतो आणि नेहमी गुरुवारीच येतो. 2023 ला 18 मे, 2024 ला 9 मे, 2025 ला 29 मे. ठिकाण कोपनहेगनचं पार्कन स्टेडियम. फायदा असा की अंतिम दिवस आधीच पक्का, बाकीचं वेळापत्रक त्यावरून मागे मागे मोजायचं. तुम्ही 26 जानेवारी धरा. ऑक्टोबरची उष्णता टळते आणि फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षांआधी सगळं आटोपतं. सतरा-अठरा वर्षांची पोरं असलेल्या संघांना हे फार महत्त्वाचं.

दुसरी उचलण्यासारखी गोष्ट ड्रॉची, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्यांची. सुरुवातीच्या फेऱ्यांत तिकडे पूर्व आणि पश्चिम असे दोन गठ्ठे करतात, म्हणजे युटलंडच्या एखाद्या गावातल्या संघाला पहिल्याच फेरीत समुद्र ओलांडून झीलंडला जावं लागत नाही. तुमच्याकडे ठाणे आणि नवी मुंबई हे तयार गठ्ठे आहेत. हे फक्त पहिल्या फेरीपुरतं ठेवा. दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच बरणीत, नाहीतर ठाण्याचे संघ आपसातच संपतील.

शिट्टी_आणि_झेंडा

वेळेचं गणित आधी करा, रचना नंतर. पूर्ण 90 मिनिटांचा सामना म्हणजे 45+15+45, वाया गेलेल्या वेळेची सात-आठ मिनिटं, बरोबरी झाली तर जादा वेळेची 30, मधले छोटे विराम, आणि पेनल्टी शूटआऊटला 15. पावणेतीन तास सहज. दिवे नसलेल्या मैदानावर तीन तासांचा एक स्लॉट धरला तर दिवसात दोनच सामने धड होतात.

फुटबॉलच्या नियम 7 नुसार स्पर्धेच्या नियमावलीत आधी लिहून अर्धाची लांबी कमी करता येते. 35-35 करा, मध्यंतर 10, वाया गेलेला वेळ साधारण 5, शूटआऊट 15. शंभर मिनिटं. जादा वेळ घेतलाच पाहिजे असं नियमांत कुठेही नाही. नियम 10 मध्ये जादा वेळ आणि शूटआऊट हे दोन्ही पर्याय आहेत, त्यातलं काय वापरायचं ते स्पर्धेने ठरवायचं. पहिल्या तीन फेऱ्यांत थेट पेनल्टी ठेवा.

डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या आसपास. त्यामुळे शेवटचा सामना 4 ला सुरू झालाच पाहिजे, साडेचारला सुरू झाला की शूटआऊट अंधारात. सकाळी 8 आणि 10, मग संध्याकाळी 4, असे प्रत्येक मैदानावर तीन. दुपारच्या स्लॉटच्या नादी लागू नका, कृत्रिम टर्फ उन्हात भयंकर तापतं. सकाळी 10 च्या सामन्यातही प्रत्येक अर्धात पाणी प्यायला एक मिनिट द्या. ऊन फारच असेल तर शरीर थंड करायची विश्रांती दीड ते तीन मिनिटं घेता येते. हे दोन वेगळे विराम आहेत, रेफरींना आधी सांगून ठेवा. तो वेळ अर्धाच्या शेवटी भरून द्यावा लागतो.

शूटआऊटमध्ये हमखास घोळ होतो तो संख्येवरून. सामना संपताना एका संघाचे 11 आणि दुसऱ्याचे 10 असतील तर 11 वाल्याने एक नाव कमी करायचं. बदलून बाहेर गेलेला खेळाडू पेनल्टी मारू शकत नाही, मग तो संघाचा कप्तान का असेना. नाणेफेक दोनदा: एक कोणत्या गोलवर, दुसरी कोण आधी मारणार. आणि सामन्यातलं पिवळं कार्ड शूटआऊटमध्ये मोजत नाहीत, हे अजून बऱ्याच प्रशिक्षकांना पटत नाही.

वाशी_लेफ्टबॅक

खूप उपयोगी. पण गठ्ठ्यांचं अडतंय. वरचे सहा संघ दोन्हीकडे तीन-तीन आहेत. ते काढले की पहिल्या फेरीत ठाण्याचे 9 आणि नवी मुंबईचे 11 उरतात. दोन्ही विषम.

घणसोली_गोलकिक

ऐरोली किंवा दिघ्याचा एक संघ ठाण्याच्या गठ्ठ्यात टाका. 10 आणि 10. ट्रान्स-हार्बरवर ऐरोलीहून ठाणे दोन स्टेशनं, उलवे किंवा खारघरला जाण्यापेक्षा त्यांना तेच सोयीचं. असे संघ एकाहून जास्त असतील तर त्या संघांपुरती चिठ्ठी काढा, पण सगळ्यांसमोर आणि मुख्य ड्रॉच्या आधी. ड्रॉ निघाल्यावर अदलाबदल केली की संशय आलाच.

आता घरच्या मैदानाचं. डॅनिश कपमध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांत खालच्या विभागातल्या संघाला यजमानपद मिळतं. चिठ्ठीत कुणाचं नाव आधी आलं याला तेव्हा महत्त्व नाही. म्हणून तिकडे बुधवारच्या संध्याकाळी एखाद्या छोट्या गावच्या मैदानावर सुपरलीगचा संघ येतो आणि अख्खं गाव कठड्याला टेकून उभं असतं. तुमच्याकडे मैदानं दोनच, तेव्हा खरं घरचं मैदान कुणालाच नाही. यजमानपदाचा अर्थ कागदावर ठरवा: खालच्या संघाने मैदान निवडायचं, तीन स्लॉटपैकी वेळ निवडायची, आणि जर्सीचे रंग जुळले तर पाहुण्याने बदलायचे. दोन यजमानांनी एकच स्लॉट मागितला तर ज्याचा अर्ज आधी तो.

कोपरी_स्टॉपर

दोन लेगला माझा विरोध. डॅनिश कपमध्ये अलीकडे उपांत्य फेरी दोन लेगची आहे हे खरं, पण दोन लेगचा फायदा कुणाला? मोठ्या संघाला. एका सामन्यात गोलकीपर पेटला, एक कॉर्नर लागला आणि लहान संघ पुढे गेला, हे 70 मिनिटांत घडू शकतं. 140 मिनिटांत ते अवघड. तुम्ही एका हाताने लहान संघाला यजमानपद देताय आणि दुसऱ्या हाताने दोन लेग लावून काढून घेताय. शिवाय आधीच पहिल्या फेरीपासून आलेल्या संघाला कप जिंकायला पाच लढती, वरच्या सहांना चार. दोन लेग म्हटलं की सहा सामने विरुद्ध पाच.

दुसरं म्हणजे रविवार. दोन मैदानांवर तीन-तीन म्हणजे दिवसाला 6 स्लॉट. पहिल्या फेरीच्या 10 सामन्यांना दोन रविवार, दोन स्लॉट राखीव. दुसऱ्या फेरीच्या 8 ला दोन रविवार. उपांत्यपूर्व एक रविवार. इथपर्यंत पाच. एका लेगची उपांत्य धरली तर सहावा आणि मग 26 जानेवारी. एकूण 25 सामने. दोन लेग केले तर सात रविवार आणि 27 सामने, मैदानाचं भाडं आणि रेफरींचं मानधन वेगळं.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक हेही विसरू नका. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल तर साधारण सकाळी 11 ते दुपारी 4 चा काळ गोंधळाचा. सकाळी 10 चा सामना खेळायला आलेले परततानाच अडकतात, तेवढं चालेल. 4 च्या सामन्याचे संघ मात्र मैदानावरच पोचत नाहीत. ब्लॉकची घोषणा झाली की 4 चा स्लॉट मैदानाच्या बाजूच्याच संघांना द्या. त्यासाठी यजमानाच्या निवडीला "ब्लॉक वगळून" अशी अट जोडावी लागेल.

घणसोली_गोलकिक

कोपरी_स्टॉपर, तर्क बरोबर आहे, पण उपांत्य फेरीला पोचलेल्या लहान संघाला आपल्या बाजूच्या मैदानावर एक सामना हवाच असतो. एका लेगमध्ये तो कुणाला द्यायचा? माझं मत: उपांत्य सामन्यातले दोन्ही संघ एकाच बाजूचे असतील तर एक लेग, ठाणे विरुद्ध नवी मुंबई असेल तर दोन. नियमावलीत आधी लिहिलं तर यात अन्याय काही नाही. आणि दोन लेग घेतलेच तर बाहेरच्या मैदानावरच्या गोलचा जुना नियम घेऊ नका. यूएफाने (युरोपातल्या फुटबॉल महासंघाने) तो 2021-22 पासून काढून टाकला. दोन्ही सामन्यांची बेरीज, बरोबरी राहिली तर फक्त दुसऱ्या सामन्यात 10-10 मिनिटांचा जादा वेळ, मग पेनल्टी.

कोपरी_स्टॉपर

सातवा रविवार कुठून आणणार ते समितीला विचारा, मग बोलू.

नेरुळ_नेट

विजेत्याला काय मिळणार ते ठरवलंत का? तिकडे कप जिंकणाऱ्याला युरोपातल्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा असते, म्हणून लीगमध्ये काही न जमलेले संघही जीव तोडून खेळतात. 2006 मध्ये रांदर्स क्लबने सुपरलीगच्या खालच्या, दुसऱ्या स्तरावर असताना कप जिंकला होता, प्रशिक्षक लार्स ओल्सेन, 1992 चा युरो जिंकलेल्या संघाचा कप्तान. उलट उदाहरण 2022-23 चं. आल्बोर्गचा एएबी क्लब अंतिम फेरीत एफसी कोपनहेगनकडून 1-0 ने हरला आणि त्याच हंगामात सुपरलीगमधून खाली गेला. कोपनहेगनने लीगही जिंकली होती, तरी कपची मोकळी झालेली जागा उपविजेत्याला मिळाली नाही, लीगच्या तक्त्यातल्या पुढच्या संघाकडे गेली.

तुमच्या स्पर्धेत याचं भाषांतर सोपं आहे: विजेत्याला पुढच्या वर्षी थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश. विजेता आधीच वरच्या सहांत असेल तर ती जागा लीगच्या सातव्या संघाला. उपविजेत्याला द्यायची असेल तर तसं लिहा, पण गप्प राहू नका.

कुणी ड्रॉच्या कार्यक्रमात "सर्वाधिक कप एजीएफचे" (आरहूसचा क्लब) असं सांगितलं तर दुरुस्त करा. 1955 च्या पहिल्या अंतिम सामन्यात आल्बोर्ग चँग या संघाला 4-0 ने हरवणाऱ्या एजीएफचे 9 आहेत. 2025 ला सिल्कबोर्गला 3-0 हरवून कोपनहेगनचे 10 झाले.

शिट्टी_आणि_झेंडा

शेवटी कागदपत्रं, कारण तक्रारी मैदानावर कमी आणि यादीवर जास्त होतात. प्रत्येक क्लबची 25 जणांची यादी पहिल्या फेरीआधी बंद करा. एका क्लबकडून एक मिनिट जरी खेळला, तरी त्या हंगामात दुसऱ्या क्लबकडून खेळता येणार नाही. उशिरा येणाऱ्या सहा संघांनाही यादीची तारीख तीच ठेवा, नाहीतर ते पहिल्या फेरीत हरलेल्या संघांतले चांगले खेळाडू उचलतील. टप्प्याटप्प्याच्या प्रवेशात ही पळवाट हमखास राहते. संघटनेत नोंदणी असलेल्यांचे सीआरएस (राष्ट्रीय फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणी) क्रमांक यादीत घ्या, नसलेल्यांचं फोटो ओळखपत्र.

बदली खेळाडू पाच. बाहेर गेलेल्याला परत आत घेण्याची सवलत फक्त तळागाळातल्या (ग्रासरूट), कुमार, ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या फुटबॉलसाठी आहे आणि तीही संघटनेच्या संमतीने. तुमचा वरचा गट त्यात बसत नाही, तेव्हा सगळ्यांना एकच नियम. सात खेळाडूंपेक्षा कमी असतील तर सामना सुरूच होत नाही. किती वेळ थांबायचं ते लिहा, 15 मिनिटं पुरे. 8 चा सामना साडेआठला सुरू केलात की 10 चा आणि पुढचं सगळं सरकतं.